संस्कार कोणते आणि कोणाचे?

मे महिना उजाडला की गल्लोगल्ली बालसंस्कार शिबिरांचे फलक लागतात. आमच्या वस्त्यांमधील मुलेही आता तेथे जाऊ लागली आहेत. आपल्या लेकरांवर चांगले संस्कार व्हावेत असे कोणत्या आईबापाला वाटत नाही? आम्हालाही वाटते. पण आमचा प्रश्न साधा आहे. संस्कार म्हणजे नेमके काय आणि ते ठरवायचे कोणी?

मूल वाढविण्याची एकच खरी रीत आहे आणि ती या देशातील उच्चवर्णीयांच्या घरात आहे, असा समज आपल्या माथी मारण्यात आला आहे. जगाकडे नजर टाकली की हा समज टिकत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात इन्युइट लोक राहतात. जीन ब्रिग्ज या मानववंशशास्त्रज्ञ बाई १९६० च्या दशकात त्यांच्यातील एका कुटुंबात राहिल्या. तेथे मोठी माणसे मुलांवर ओरडत नाहीत. मोठ्या माणसाने चिडणे हाच तेथे पोरकटपणा समजला जातो. मध्य आफ्रिकेच्या जंगलातील अका जमातीत बाप दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तान्ह्या बाळाला घेऊन तरी असतो किंवा त्याच्या हाताशी तरी असतो, असे बॅरी ह्यूलेट या अभ्यासकाला आढळले. डेन्मार्क, स्वीडनकडे कडाक्याच्या थंडीतही बाळाला गुंडाळून बाबागाडीत घालतात आणि उघड्यावर झोपवितात. आपली आजी ते पाहून कपाळावर हात मारील! आपण बाळाला वर्षानुवर्षे आईच्या कुशीत झोपवितो, हे पाहून तिकडची आजीही तसाच हात मारील.

यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. हवा, कामधंदा, घराची रचना जशी असते तशी रीत पडते. परंतु प्रत्येक रीत मुलाला न बोलता काहीतरी शिकवीत असते. आम्ही पाहतो ते हेच. ती रीत मुलाला माणूस म्हणून ताठ उभे करते की वाकविते? आणि दुसऱ्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहायला शिकविते?

जपानचे उदाहरण घ्या. तेथील शाळांमधून मुले रोज आपले वर्ग आणि व्हरांडे स्वतः झाडतात, पुसतात. पुष्कळ शाळांतून संडासही मुलेच धुतात. दुपारचे जेवण आले की पाळीपाळीने मुलेच पांढरे अॅप्रन घालून सर्वांना वाढतात. डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच फडक्याने एकच फरशी पुसतो. जपान म्हणजे स्वर्ग आहे असे आम्ही म्हणत नाही. बुराकुमिनांना तेथेही पिढ्यान् पिढ्या हीन लेखले गेले. तरीही घाण साफ करणे हे कोणा एका जातीचे काम नव्हे, हा धडा ती फरशी रोज देते.

आता आपल्याकडे या. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने शिजविलेले अन्न खाण्यास सवर्ण मुलांनी नकार दिला. सहावी ते आठवीतील मुले ती! हा विटाळ त्यांनी पाठ्यपुस्तकात वाचला होता काय? आईच्या पोटातून कोणी तो घेऊन आले होते काय? तो घरात, ताटावर, चुलीपाशी शिकविला गेला. ज्या घरांनी तो शिकविला, ती घरेही स्वतःला संस्कारी म्हणवितात.

बाबासाहेबांनी आपल्या बालपणाबद्दल लिहून ठेवले आहे. शाळेत बसायला वेगळे गोणपाट. शाळा झाडणारा नोकरही त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचे आणि रोज परत आणायचे. साताऱ्यात न्हावी होते, पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावणारा कोणी नव्हता. म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापायची आणि कापता कापता त्यात तरबेज झाली. एका घराने लेकराला विटाळ शिकविला, दुसऱ्या घराने अपमान गिळूनही शाळा सुटू दिली नाही. खरे संस्कार कोणत्या घरात होते, हे वाचकांनीच ठरवावे.

परंतु दुसऱ्याच्या घरातील घाण दाखवून आपले घर झाडून होत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या आयाबहिणींना सांगितले की, मुलांना शिकवा, त्यांच्या मनात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्यातील न्यूनगंड काढून टाका, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. मूल कसे वाढवावे याचा हा आमचा जाहीरनामा आहे. आम्ही तो कितपत पाळतो? गुण कमी पडले की पट्टा निघतो. "तुझ्याने काही होणार नाही" हे वाक्य आमच्याच ओठांतून जाते. न्यूनगंड काढायचा होता, आम्ही तो घरीच पेरतो. मुलगा अभ्यासाला बसतो, मुलगी भांडी घासून मग वही उघडते. भीमजयंतीच्या मिरवणुकीत बाप पुढे असतो, पण बाळ कडेवर घेऊन रस्त्याने चालायला त्याला लाज वाटते.

स्वीडनने १९७४ साली बाळासाठी मिळणारी पगारी रजा बापालाही दिली आणि १९७९ साली घरातही मुलांना मारण्यास कायद्याने बंदी केली. असे करणारा तो जगातील पहिला देश. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील छडीला बंदी घातली, पण घरचा पट्टा खुंटीवर तसाच आहे. तो उतरविण्यासाठी आम्हाला स्वीडनची वाट धरण्याचीही गरज नाही. तथागतांनी लहानग्या राहुलला खोटे न बोलण्याचा धडा दिला, तो भांड्याच्या तळाशी उरलेले थोडेसे पाणी दाखवून. आरशात पाहावे तसे आपले प्रत्येक कर्म आधी, करताना आणि नंतर तपासून पाहा, असे त्यांनी सांगितले. हात उगारला नाही, विचार करायला शिकविले.

बांधव-भगिनींनो, शिबिराची फी भरण्यापूर्वी तेथे काय शिकवितात ते एकदा आत जाऊन बघा. आणि त्याहीआधी आज रात्री जेवण झाल्यावर मुलाच्या हाती घासणी द्या, मुलीच्या हाती पुस्तक द्या आणि स्वतः त्यांच्याजवळ बसा. समतेचा पहिला वर्ग आपल्याच मोरीवर भरतो.