शेजारच्या खुर्चीतील सहकारी

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका नावाचे उपनगर आहे. केंपेगौडांच्या घराण्याचे हे जुने ठाणे. तेथे आज जुने गाव आहे आणि पुढील काळात वसवलेले ‘न्यू टाउन’ही आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या बल्लारी रस्त्यावरून वाहनांची अखंड ये-जा चालते. या भागात अपघात झाला, की जवळचा कोणीतरी १०८ हा क्रमांक फिरवतो. रुग्णवाहिकेची ही सेवा कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह आली. रस्त्यावरील लोकांना रुग्णवाहिका दिसते, परंतु ती पाठवणारा नियंत्रण कक्ष सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही.

या कक्षात एक कर्मचारी फोन घेतो. कोठे, काय घडले, जखमी किती, हे विचारून लिहून घेतो. दुसरा सर्वांत जवळची गाडी शोधून चालकाला कळवतो. गरज पडल्यास डॉक्टर सल्ला देतात. कर्नाटकात फोन करणारा कन्नड, तेलुगू वा उर्दू बोलेल. बेळगाव-बिदरकडचा मराठीही बोलेल. घाबरलेला माणूस धड पत्ता सांगतोच असे नाही. तेव्हा एकमेकांना विचारणे हा येथील कामाचाच भाग होय.

समजा, नव्याने रुजू झालेल्या मुलीने फोन घेतला आणि तिला फक्त ‘येलहंका’ एवढेच नीट ऐकू आले. तिने शेजारच्या ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारले, “सर, जुने गाव लिहू की न्यू टाउन?” सकाळपासून तिचा हा चौथा प्रश्न. सहकारी सर्वांदेखत खेकसला, “अजून इतकेही कळत नाही का?” त्या वेळी पत्ता कसाबसा मिळाला, गाडीही पोहोचली. परंतु पुढच्या वेळी शंका आली तरी ती मुलगी विचारणार नाही, अंदाजाने लिहील. गाडी चुकीच्या भागात गेली, तर ती वळवण्यात जाणारी मिनिटे जखमी माणसाच्या वाट्याची असतात. खेकसणाऱ्याला मात्र आपण केवळ शिस्त लावली, असेच वाटत राहते.

वरिष्ठांचा धाक माणसाला गप्प करतो, हे विमानवाहतुकीला फार मोठी किंमत मोजून कळले. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफे बेटावरील धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे दगावली. दाट धुके, संदेशांतील गोंधळ अशी अनेक कारणे होती. परंतु पुढचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नसावे, अशी शंका एका अभियंत्याने उड्डाणापूर्वी बोलून दाखवली होती. अनुभवी कप्तानाने ती ठामपणे उडवून लावली आणि त्यानंतर कोणी हरकत घेतली नाही. पुढे वैमानिकांना परस्परांशी कसे बोलावे, शंका कशी मांडावी व ऐकावी, याचेच रीतसर प्रशिक्षण देण्यास आरंभ झाला.

नियंत्रण कक्षात उपाय योजताना वेळेचे भान ठेवावे लागते. फोन चालू असताना मानापमान काढू नये. “पत्ता अजून निश्चित झालेला नाही,” एवढेच पुन्हा, स्पष्ट आवाजात सांगावे. झालेल्या प्रकाराबद्दल नंतर, एकान्तात बोलावे. “तुमचा स्वभावच तापट,” असे म्हटल्यास भांडण वाढते. “मघाशी मी पत्ता विचारला तेव्हा आपण ओरडलात. त्यामुळे पुढचा प्रश्न विचारायला मी कचरले. चूक असेल तर फोन संपल्यावर सांगा,” असे म्हणता येते. यात घडलेली कृती आहे, तिचा कामावर झालेला परिणाम आहे आणि एक विनंती आहे. धीर एकवटावा लागतो, हे खरे.

खेकसणारा माणूस नेहमी दुष्टच असतो असे नाही. रात्रपाळी, फोनवरचा आक्रोश, त्यातच खोडसाळपणे केलेले खोटे फोन यांनी माणूस शिणतो. त्याला दहा मिनिटे खुर्चीवरून उठू देणे हे पर्यवेक्षकाचे काम. मात्र थकवा हे नेहमीचे निमित्त होऊ लागले, तर तारीख-वेळ टिपून ठेवावी आणि तक्रार लेखी द्यावी. फोनचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असेल, तर ऐकीव गोष्टींपेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

चहाच्या वेळी चालणाऱ्या कुजबुजीकडे दुर्लक्ष करता येते. लैंगिक छळाकडे करता येत नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कार्यस्थळी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. पीडित महिलेने घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते.

उरतो तो पाळीला उशिरा येणारा सहकारी. इतर कार्यालयांत उशीर झाला तर फार तर कागद तुंबतात. येथे बदली माणूस येईपर्यंत आधीच्याला हेडफोन काढता येत नाही, आणि आठ तासांनी शिणलेले कानच पुढचा फोन घेतात. म्हणून कामाची सोपवणूक घाईत, दारातून होऊ नये. कोणती गाडी कोठे निघाली आहे, कोणता पत्ता अजून संशयास्पद आहे, हे जाणाऱ्याने सांगावे आणि येणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडून पुन्हा म्हणून दाखवावे. त्यानंतरच खुर्ची सोडावी.