गोल्टी किती निघेल?

कांदा मंचरच्या किंवा ओतूरच्या बाजारात न्यायच्या आधी मी आरणीच्या, म्हणजे साठवलेल्या कांद्याच्या ढिगाच्या, वरून, मधून, तळातून शंभरेक कांदे न निवडता काढतो आणि कॅलिपरने मोजतो. समजा सरासरी व्यास 55 मिलिमीटर आणि प्रमाण विचलन 5 आलं. एका लागवडीचे आकार साधारण सरासरीभोवती दाटतात, दोन्हीकडे सारखेच विरळ होतात. हेच प्रसामान्य वितरण. मग 50 ते 60 मधला माल 68 टक्के, 60 वरचा 16 आणि 45 खालची गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जेमतेम सव्वादोन टक्के. आगाप-मागास लागवड एकत्र ओतली असेल, तर मात्र हिशेब फसतो. ढीग वेगळे मोजा. आणि ही टक्केवारी नगांची आहे. वजनात गोल्टी आणखी कमी भरते.