होडीला विजेची मोटर, पण परतीचे काय?

पहाटे खाडीत जायची वेळ झाली की नेमके तेव्हाच इंजिन दोरी ओढओढूनही सुरू होत नाही. पेट्रोलचा वास जाळ्यापासून जेवणाच्या डब्यापर्यंत भिनलेला असतो, आणि महिनाअखेरीस हिशेबाला बसलेली घरची बाई पेट्रोलच्या आकड्यापाशी येऊन थबकते. अशा घरात हल्ली विजेच्या मोटरीचा विषय निघतोच. आवाज नाही, धूर नाही, रात्री घरच्या घरी चार्जिंग! ऐकायला सारे छान वाटते. परंतु घरातला पंखा बंद पडला तर फक्त उकडते. होडीतली बॅटरी संपली तर ओहोटी तुम्हाला समुद्राकडे ओढून नेते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी थोडा हिशेब केलेला बरा.

तसे पाहिले तर ही कल्पना जुनीच आहे. 1881 साली गुस्ताव त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने पॅरिसच्या सीन नदीत विजेच्या मोटरीवर होडी चालवून दाखवली होती. अडचण तेव्हाही बॅटरीचीच होती. आपल्याकडे केरळमध्ये वैकोम ते तवणक्कडवू या जलमार्गावर 2017 पासून 75 प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौर बोट धावू लागली. तिथे मार्ग ठरलेला, अंतर ठरलेले, त्यामुळे वीज किती लागेल हे आधीच सांगता येते. मासेमारीचे तसे नसते. मासळी जिथे, तिथे होडी.

हॉर्सपॉवरच्या मागे लागू नका

दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘किती हॉर्सपॉवरची हवी?’ एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. पण एवढ्यावरून काही ठरत नाही. छोट्या मोटरींवर बहुधा हॉर्सपॉवरऐवजी रेटा लिहिलेला असतो, तोही पौंडात. ढोबळमानाने माणसे, जाळी, बर्फ आणि मासळी धरून होडीच्या दर 50 किलो वजनामागे एक किलो, म्हणजे सव्वादोन पौंड रेटा लागतो. सर्व मिळून पाचसहाशे किलो भरणाऱ्या 16 ते 18 फुटी होडीला 55 पौंडांची मोटर शांत पाण्यात चालून जाते. जिथे वारा आणि ओढ जास्त, तिथे त्याच्या वरची घ्यावी.

दुप्पट मोठी मोटर लावली की होडी दुप्पट पळेल, असे मात्र समजू नका. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग दुप्पट करायचा तर साधारण आठपट ताकद लागते. उलट वेग थोडा कमी केला की बॅटरी आश्चर्य वाटावे इतकी पुरते. घाई असलेल्या माणसाचे हे यंत्रच नाही.

बॅटरीचा खरा हिशेब

55 पौंडांची मोटर पूर्ण वेगात 12 व्होल्टवर सुमारे 50 अँपिअर खेचते, म्हणजे 600 वॉट. समजा, जाळ्याची जागा धक्क्यापासून चार किलोमीटरवर आहे आणि होडीचा वेग ताशी पाच किलोमीटर आहे. जायला 48 मिनिटे लागली. पण येताना पाण्याची ओढ ताशी दोन किलोमीटरने विरुद्ध असेल तर होडी तीनच्या वेगाने सरकेल, आणि त्याच अंतराला एक तास वीस मिनिटे लागतील. जाण्यायेण्यात मिळून सुमारे 1.3 युनिट वीज गेली. जाळ्याभोवती फिरायला थोडी धरली की दीड युनिट. त्यावर अर्धा युनिट राखीव ठेवायचाच. झाले दोन युनिट. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे ही भाषा नवी नाही.

उधाणाच्या दिवशी अरुंद खाडीत ओढ ताशी चार-पाच किलोमीटरचीही असू शकते. तेव्हा ही मोटर पूर्ण वेगात चालवूनही होडी जागच्या जागीच राहील. त्या दिवशी ओहोटीबरोबर जायचे आणि भरतीबरोबर परतायचे. हे काही खाडीवरच्या माणसाला शिकवायला नको.

आता हे दोन युनिट कुठे साठवायचे? 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीवर 1.2 युनिट लिहिलेले असते. पण ती अर्ध्याहून अधिक रिकामी केली तर लवकर खराब होते, आणि एकदम 50 अँपिअर खेचले तर लिहिलेले आकडेही पुरते मिळत नाहीत. म्हणजे चार बॅटऱ्या लागल्या. त्यांचे वजन शंभर किलोंच्या पुढे, जणू दीड माणूस फुकट बसवला! लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या, तेवढ्याच अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत मात्र काम भागते आणि वजन पंचवीस किलोंच्या आसपास राहते. सुरुवातीला पैसे जास्त जातात हे खरे. परंतु शिशाची बॅटरी अर्धी रिकामी करत वापरली तरी साधारण पाचशे वेळा चार्ज झाल्यावर थकू लागते, तर ही दोन हजार वेळांच्या पुढे जाते. रोज धंदा करणाऱ्याने दुसरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी होडीत टाकण्याचा मोह तर अजिबात नको. होडी कलली की आम्ल सांडते.

चार्जरही लिथियमसाठीचाच हवा. 20 अँपिअरच्या चार्जरला रिकामी जोडी भरायला रात्रीचे नऊ-दहा तास लागतात. वीज जाते तीन युनिटच्या आसपास. तेवढ्याच फेरीला लागणारे पेट्रोल आणि तुमचा वीजदर शेजारी मांडून पाहा.

खाऱ्या पाण्याची मोटर गोड्या पाण्याच्या मोटरीहून वेगळी असते. तलावासाठी केलेली मोटर खाडीत लावली तर काही महिन्यांतच गंज तिला खायला लागतो. पाण्यातल्या भागावर जस्ताचा तुकडा आहे ना, हे पाहून घ्या. तो स्वतः झिजतो आणि मोटर वाचवतो. झिजला की बदलायचा. केबल तांब्याची, 16 चौरस मिलिमीटरची आणि होईल तेवढी आखूड असावी. बॅटरीला लागूनच 60 अँपिअरचा फ्यूज घाला. पंख्यात जाळ्याचा दोर अडकला की मोटर खेचत राहते आणि तारा तापतात. अशा वेळी या फ्यूजवरच सारी भिस्त असते.

खोल समुद्रात जाणाऱ्यांनी हे वाचून मोटर घ्यायला धावू नये. तिथे आजही डिझेलला पर्याय नाही. वल्ह्याच्या होडीला मोटर लावल्यावर ती यांत्रिकी नौकेत मोडते का, नोंदणी बदलावी लागेल का आणि 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीत तिला सूट राहील का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी विचारा. त्या दोन महिन्यांत लिथियमची बॅटरी अर्धी भरून कोरड्या जागी ठेवायची, शिशाची मात्र पूर्ण भरून.

आणि जमल्यास विकत घेण्याआधी एक दिवस दुकानदाराकडून मोटर मागून घ्या. होडीत नेहमीच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरा, भांगाच्या दिवशी धक्क्याजवळच फिरून पाहा आणि दर दहा मिनिटांनी मीटरवरचे अँपिअर वहीत लिहा. वल्ही मात्र बरोबर असू द्या. त्या दिवशीही आणि नंतरही.