गोणी आपली, खत कोणाचे?

खताच्या दुकानासमोर रचलेल्या गोण्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांवर १८:४६:०, १५:१५:१५ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे म्हणजे खतातील नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण. (स्फुरद आणि पालाश त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजण्याचा प्रघात आहे.) म्हणजे १८:४६:० या डीएपीच्या ५० किलोंच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद झाले. पालाश मुळीच नाही. गोणीवर कारखान्याचे नाव बहुधा भारतीय असते. पण आतले तिन्ही घटक येतात कुठून?

नत्रापासून सुरुवात करू. हवेचा ७८ टक्के भाग नत्रवायू आहे. हिशेब केला तर एका एकरावरच्या हवेत सुमारे ३० हजार टन नत्र भरतो! तरीही त्याच एकरातला गहू नत्रावाचून पिवळा पडतो. याचे कारण असे, की नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून असतात आणि गव्हाच्या मुळांना तो बंध तोडता येत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर याने १९०९ साली भारी दाब, उष्णता आणि उत्प्रेरक यांच्या मदतीने नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडवून अमोनिया तयार करून दाखवला. पुढे कार्ल बॉश याने ही कृती कारखान्यात आणली आणि १९१३ साली ओपाऊ येथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. अमोनियापासूनच युरिया करतात.

आता नत्र हवेतून फुकट मिळतो, पण हायड्रोजन? तो मिळवण्यासाठी नैसर्गिक वायूतील मिथेनवर तापलेली वाफ सोडतात. गोम आहे ती इथेच. अलिबागजवळचा थळचा कारखाना मुंबई हायच्या वायूवर उभा राहिला. मात्र युरियाची मागणी वाढत गेली आणि देशातला वायू अपुरा पडू लागला. आज आपला बहुतेक युरिया देशातच तयार होतो खरा, पण त्यासाठी लागणाऱ्या वायूचा मोठा भाग परदेशांतून येतो. कतारसारख्या देशांत वायू उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. त्यामुळे त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. तो द्रव जहाजाने गुजरातेत दहेजला येतो आणि तिथे त्याचा पुन्हा वायू होतो. आयातीच्या यादीत हा युरिया दिसत नाही, वायू दिसतो, एवढाच फरक!

स्फुरदाची गोष्ट वेगळी. हवेत स्फुरद नाही, तेव्हा त्यासाठी खडकच खणावा लागतो. उदयपूरजवळ झामरकोटडा येथे असा खडक आहे, पण देशाच्या गरजेला तो पुरत नाही. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा मोरोक्को व त्याच्या ताब्यातील पश्चिम सहारा या भागात आहे. म्हणून आपण कधी खडक आणतो, कधी फॉस्फोरिक आम्ल, तर कधी तयार डीएपी. २०२१ च्या ऑक्टोबरात चीनने आपल्या खतांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. ऐन रब्बीच्या पेरणीचे ते दिवस! स्फुरद पेरणीबरोबरच द्यावे लागते, कारण ते मातीत फारसे सरकत नाही. मुळांजवळ असेल तरच उपयोगी. तेव्हा उशिरा आलेले जहाज न आल्यासारखेच.

पालाशाच्या बाबतीत तर आपली चालू खाण एकही नाही. प्राचीन समुद्र आटून त्यांच्या तळाशी जे क्षारांचे थर साचले, तेच पालाशाचे साठे. कॅनडातील सस्कॅचेवानमध्ये ते जमिनीखाली सुमारे एक किलोमीटरवर आहेत. रशिया आणि बेलारूस येथेही मोठ्या खाणी आहेत. जॉर्डन व इस्रायल मृत समुद्राचे पाणी उन्हात आटवून पालाश काढतात. २०२२ साली युक्रेन युद्ध पेटले, बेलारूसच्या मालाचा लिथुआनियातून जाणारा मार्ग बंद झाला आणि पालाशाचे भाव भडकले.

भाव भडकले की शेतकरी काय करतो? २०२४ साली युरियाची ४५ किलोंची गोणी सरकारी अनुदानामुळे सुमारे २६७ रुपयांत मिळत होती. पालाशाची गोणी मात्र कितीतरी महाग. साहजिकच तो युरिया वाढवतो आणि पालाश गाळतो. पीक हिरवेगार दिसते, पण पालाशाअभावी खोड लेचेपेचे राहते आणि वाऱ्यात लोळते. स्वस्त गोणीचा हा तोटा बिलात कुठेच दिसत नाही.

पालाशाचा एक साठा मात्र आपल्या साखर कारखान्यांच्या आवारातच आहे. ऊस जमिनीतून भरपूर पालाश शोषतो. साखरेत मात्र कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असतात. मग उसातला पालाश जातो कुठे? बराचसा मळीत उतरतो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात तो शिल्लक राहतो. हे सांडपाणी आटवून जाळले, की राखेत पालाश मिळतो. २०२१ पासून या खतालाही सरकारी अनुदान मिळू लागले. यात पालाशाचे प्रमाण साडेचौदा टक्के, तर परदेशातून येणाऱ्या म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के. म्हणजे तिकडच्या एका गोणीच्या जागी इकडच्या चार गोण्या शेतावर वाहून न्याव्या लागतात.