त्रिगुणांची प्रश्नावली

वर्धेजवळील पवनारच्या विनोबांनीं १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत दिलेल्या गीता-प्रवचनांमुळें सत्त्व, रज, तम हे शब्द आपल्या घरोघर रुळले. याच गुणांच्या मापनासाठीं अमेरिकेंतील डेव्हिड वुल्फ यांनीं छप्पन्न विधानांची प्रश्नावली रचिली. तिचें परीक्षण १९९९ सालीं प्रसिद्ध झालें.

अशा परीक्षणांतील घटक-विश्लेषणाची रीति इंग्रज मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनीं १९०४ मध्यें घालून दिली. अनेकांच्या उत्तरांपैकीं कोणतीं एकमेकांबरोबर चढतात-उतरतात तें पाहावयाचें. समजा, ‘मला लवकर राग येतो’ म्हणणारेच बहुधा ‘माझें चित्त अस्वस्थ असतें’ असेंही म्हणतात. तर दोहोंच्या मुळाशीं एक घटक मानावयाचा. गणित एवढेंच सांगतें. त्यास ‘रज’ हें नांव देतो तो संशोधक. आणि जें विचारलेंच नाहीं, तें गणितांतून निघत नाहीं. शिवाय सात्त्विक उत्तर कोणतें हें सुशिक्षित मनुष्य चटकन ओळखतो, ही अडचण निराळीच!

गीतेच्या मतें तिन्ही गुण प्रत्येकांत असतात. एक इतरांस दडपून वर येतो. प्रश्नावलींतूनही तीन आंकडे निघतात. तेव्हां अभ्यासांत मागें पडलेल्या नातवास तीवरून ‘तामसी’ ठरविण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं उरलेले दोन आंकडेही वाचावे, आणि उत्तरें त्यानें स्वतः लिहिलीं कीं त्याच्या आईनें, तेंही विचारून घ्यावें.