पेन्शन, तूप आणि नानकटाईचा भाव

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या हिंगणीत मे महिन्यात तूप थिजत नाही. पारा 45 अंशांच्या आसपास गेला की बरणीतलं तूप दिवसभर पातळच राहतं, आणि पातळ तुपात केलेली नानकटाई फुलत नाही. ती ट्रेवर पसरते, कडा करपतात आणि मध्ये कच्ची राहते. म्हणून उन्हाळ्यात माझं काम पहाटे सुरू होतं. तूप आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवायचं, उठल्याबरोबर बाहेर काढायचं आणि बोटाने दाबून बघायचं. फार घट्ट असेल तर थांबायचं. दाणेदार, पण बोट सहज रुतेल असं झालं की परातीत घेऊन पिठीसाखरेबरोबर फेटायला लागायचं.

सगळं बळ इथेच लागतं. फेटता फेटता तुपाचा पिवळेपणा जाऊन ते पांढरं होतं, हाताला हलकं लागतं, कारण साखरेच्या कणांबरोबर त्यात हवा शिरत असते. नानकटाई फुलते ती बरीचशी याच हवेवर. चिमूटभर सोडा नुसता मदतीला असतो. पुढे कणीक, थोडा रवा, थोडं बेसन, वेलची-जायफळ घातलं की मात्र हात आवरायचा. मळायचं नाही, गोळा जमेल इतकंच एकत्र करायचं. लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं, तुपात ते जवळजवळ नसतंच. आणि पाणी मिळाल्याशिवाय गव्हाच्या पिठाला चिवटपणा येत नाही. नानकटाई तोंडात विरघळते ती त्यामुळे. जन्मभर पोळ्यांची कणीक मळलेल्या बायांना हे न मळणंच सगळ्यात अवघड जातं, हे मी शिकवताना पाहिलं आहे.

हे सगळं माझ्या हातात आलं ते नोकरीत असताना, हौसेपोटी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, सुट्टीच्या दिवशी एखादा घाणा काढायचा आणि सोमवारी मधल्या सुट्टीत डबा उघडायचा. त्याच्याही आधी, माझ्या लहानपणी, घरात ओव्हन नव्हताच. दिवाळी जवळ आली की लोक तूप, साखर, रवा-मैदा घेऊन बेकरीवाल्याकडे नंबर लावत. त्याच्या लाकडाच्या भट्टीतून निघालेली नानकटाई पिपे भरून घरी यायची आणि सामान आपलं असल्यामुळे ती आपणच केली असं वाटायचं. 58व्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा तोच वास पुढच्या दिवसांसाठी मला पुरेसा वाटला.

हौसेत बिघडलेला घाणा घरात संपतो आणि चांगला तेवढा लोकांपर्यंत जातो. विकायला लागलं की दर पुडा सारखा निघावा लागतो. त्यासाठी मी पेन्शनच्या अंशराशीकरणातून एकरकमी मिळालेल्या पैशातून मोठा ओव्हन आणला नाही. दोन साध्या गोष्टी आणल्या. एक ग्रॅमचा काटा आणि एक ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक. घरगुती ओव्हनच्या बटणावर 160 लिहिलेलं असलं तरी आत 160 अंश असतातच असं नाही. माझ्या ओव्हनचा मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, म्हणून निम्म्या वेळेला ट्रे फिरवावा लागतो. प्रत्येक गोळा 22 ग्रॅमचा, कारण लहानमोठे गोळे एका ट्रेत ठेवले की लहान करपतात, मोठे कच्चे राहतात. ओव्हन 1500 वॅटचा आहे, त्याला जाड वायरचं, अर्थिंग असलेलं स्वतंत्र 16 अँपियरचं सॉकेट बसवून घेतलं. पावसाळ्यात वाऱ्यावावधानाने लाईट गेली तर दार उघडायचं नाही. आत साठलेल्या उष्णतेवर निम्म्यापेक्षा जास्त भाजलेला ट्रे पार पडतो.

ज्वारीचं प्रकरण वेगळं आहे. आमच्या भागात जेवणात ज्वारीची भाकर असते, तिचंच बिस्किट करावं असं मला फार वाटत होतं. ज्वारीत पिठाला धरून ठेवणारा चिवटपणा नाही, त्यामुळे नुसत्या ज्वारीचं बिस्किट उचलताना हातात भुगा होतो. दोन भाग ज्वारी, एक भाग कणीक, चमचाभर दही, आणि भाजून निघाल्यावर ट्रेवरच पूर्ण थंड होऊ द्यायचं, असं ते जमतं. चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगावं लागतं, आणि दळण थोडंथोडंच आणावं लागतं. ज्वारीच्या कोंबात तेल असतं, पीठ पडून राहिलं की त्याला कडवट वास येतो आणि कितीही वेलची घातली तरी तो लपत नाही.

बिस्किटांच्या बाबतीत वर्धा जिल्ह्याला तोंड दाखवणं सोपं नाही. वर्ध्यातल्या गोरस भांडाराचा गोरसपाक, म्हणजे गाईच्या तुपातलं बिस्किट, इथे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला जातो, पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत तो जातोच. गाईच्या तुपाची चव लोकांच्या जिभेवर बसलेली आहे, तिथे वनस्पती तूप घालून कुणाला फसवता येत नाही. हा गवळाऊ गाईचा मुलूख. जमनालाल बजाजांनी 1941 मध्ये गोसेवेचं काम अंगावर घेतलं ते याच जिल्ह्यात. मी तूप गावातूनच घेते, ते बाजारातल्या पाकीटबंद तुपापेक्षा महाग पडतं आणि मला ते तसंच चालतं.

परवान्याची भीती लोकांना विनाकारण वाटते. मी कागदपत्रं केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला 100 रुपये, अर्ज ऑनलाइन. फोटो, ओळखपत्र, घराचा पत्ता. मिळालेला 14 आकडी क्रमांक पुड्यावर छापायचा. त्याशिवाय सगळ्यात जास्त वापरलेल्या जिनसापासून सुरुवात करून सगळे जिन्नस, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावं ते, हिरवा ठिपका, आणि गहू व दूध आहे ही सूचना. बिस्किट पूर्ण गार झाल्याशिवाय पुडा बंद करायचा नाही. कोमट बिस्किटाची वाफ आत राहिली की चार दिवसांत सगळं मऊ पडतं.

खरी परीक्षा भावाची. बोर व्याघ्र प्रकल्पात येणारे पर्यटक हिंगणीवरून जातात, त्यांना किंमत सांगताना काही वाटत नाही. गावातल्या माणसाला सांगताना जीभ अडखळते. ज्यांच्या मुलांना मी बाराखडी शिकवली, ज्यांनी इतकी वर्षं माझ्या डब्यातलं फुकट खाल्लं, त्यांना आता पैसे मागायचे. एक आजी तर सरळ म्हणाल्या, ‘‘तुमाले तं पेन्शन हाये, बाई. मंग एवढे पैसे कायले घेता?’’

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी त्यांना वही दाखवली. किलोभर नानकटाईला साडेतीनशे ग्रॅम तूप, ते 245 रुपयांचं. कणीक, रवा, बेसन मिळून 30. साखर 15, वेलची-जायफळ 15, वीज 20, पिशवी आणि लेबल 20. हे झाले 345. आणि तीन तास माझे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर तासाला 39. तीन तासांचे 117. बेरीज 462, आणि त्यात ओव्हनची झीज, तुटलेल्या बिस्किटांचं नुकसान, वर्ध्याला जाण्यायेण्याचं भाडं अजून धरलेलंच नाही. मी 550 घेते.

पेन्शन आहे म्हणून मी 350 ला विकू शकते. माझं घर नानकटाईवर चालत नाही. पण दोन गल्ल्या पलीकडे बचत गटातली बाई हेच करते, आणि तिचं घर त्यावर चालतं. मी 350 लावले की गिऱ्हाईक उद्या तिला म्हणणार, बाई साडेतीनशेला देतात, तू पाचशे का घेतेस? लोणची-पापडांत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे: वेळ जात नाही म्हणून करणाऱ्यांनी भाव पाडले आणि पोटासाठी करणाऱ्या बाया बाजूला पडल्या. निवृत्त माणसाने फायद्यासाठी धंदा केला नाही तरी चालेल, भाव मात्र पुरा घेतला पाहिजे, यावर मी ठाम आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ 1934 मध्ये स्थापन झाला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत होतं. तिथे संघाचं काम करणारे जे. सी. कुमारप्पा सांगत राहिले की वस्तू स्वस्त मिळते तेव्हा ती कुणाच्या पोटाला चिमटा घेऊन स्वस्त झाली, हे घेणाऱ्याने पाहिलं पाहिजे. मी त्यात विकणाऱ्यालाही धरते.

मिळेल ते सगळं काम मी घेत नाही, केकच्या ऑर्डरी तर नाहीच. मलईचा केक या उन्हात एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचा म्हणजे थंड गाडी हवी. दिवाळीच्या आधी मागणी माझ्या एका ओव्हनच्या बाहेर जाते, तेव्हा गटातल्या बाईला ज्वारीच्या बिस्किटांचं काम देऊन टाकते, नानकटाई माझ्याकडे ठेवते. यंदा तिने आपला भाव स्वतः काढून आणला, किलोला 410. तूप मागच्या वर्षीच्या भावाने धरलं होतं आणि स्वतःचे तास लिहिलेच नव्हते. आम्ही दोघींनी पेन्सिल घेऊन परत पहिल्यापासून बेरीज केली, ती 505 वर गेली, आणि तिने लेबलवर 510 लिहिलं.