प्रिंटर कोठे अडतो?

वसंतातील व्याख्यानांतून इतिहास, वाङ्मय, शेती, अर्थकारण असे भारदस्त विषय आपण ऐकत आलो. त्यांच्या पंक्तीला प्रिंटर आणून बसवणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु एखादी वस्तू अडली म्हणजे किती माणसे खोळंबतात, यावरून तिची योग्यता ठरवावयाची म्हटली, तर आजच्या कचेरीत प्रिंटरचा मान फार वरचा लागेल.

आपल्या धाराशिव जिल्ह्याचेच पाहा. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके. एका टोकाला पश्चिमेस परंडा, दुसऱ्या टोकाला आग्नेयेस उमरगा. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, दाखल्यांचे अर्जही संगणकावर भरले जाऊ लागले. तरी पुष्कळ ठिकाणी शेवटी टेबलावर ठेवावा लागतो तो कागदच. प्रवेशाच्या दिवसांत खेड्यातून एस.टी.ने आलेला बाप खिडकीशी उभा राहतो आणि आतून उत्तर येते, "प्रिंटर बंद आहे, उद्या या." त्याची एका दिवसाची मजुरी बुडते, भाडे दुप्पट होते आणि प्रवेशाची मुदत एका दिवसाने जवळ येते. "प्रिंटर बंद आहे" या तीन शब्दांत निदान पाच निरनिराळी दुखणी लपलेली असतात. त्यांपैकी बहुतेक काही मिनिटांत बरी होण्यासारखी असतात. मात्र दुखणे कोणते, हे आधी ओळखता आले पाहिजे. ती ओळख संगणकाला लेखी आज्ञा देऊन कशी करून घ्यावी, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम कागदाचा प्रवास समजून घेऊ. कचेरीत आलेला अर्ज बारनिशीत नोंदला जातो, त्याला क्रमांक पडतो, मग तो संबंधित टेबलावर जातो, तेथे त्याला योग्य रूप येते आणि शेवटी तो जावक होतो. संगणकातही जवळजवळ असेच घडते. छापण्याचा हुकूम दिला की मजकूर आधी रांगेत नोंदला जातो. मग 'फिल्टर' त्याला त्या यंत्राच्या भाषेत बसवतो आणि 'बॅकएंड' नावाचा निरोप्या तो नेटवर्कवरून यंत्रापर्यंत पोचवतो. नेटवर्कवरच्या प्रिंटरला स्वतःचा पत्ता असतो, म्हणून एकच यंत्र सबंध कचेरीची सेवा करू शकते. लिनक्सवर आणि अ‍ॅपलच्या संगणकांवर हा कारभार 'कप्स' नावाची व्यवस्था पाहते. अमेरिकेतील मायकेल स्वीट यांनी ती लिहिली व १९९९ साली ती प्रसिद्ध झाली. कप्सच्या आज्ञा रोमन लिपीत टाइप करावयाच्या असतात. येथे आम्ही त्यांचे उच्चार तेवढे देत आहोत.

वैद्य प्रथम नाडी पाहतो, तशी येथली पहिली आज्ञा 'एलपीस्टॅट' ही होय. तिच्यापुढे आडवी रेघ देऊन 'टी' हे अक्षर लिहिले की सारा हालहवाल पडद्यावर येतो : कप्स चालू आहे की नाही, रांगा कोणत्या, प्रत्येक रांग कोणत्या पत्त्यावर माल धाडते, ती कामे स्वीकारते काय, यंत्राकडे पुढे पाठवते काय, आणि आत किती कामे तुंबली आहेत. यातील स्वीकारणे आणि पुढे पाठवणे ही दोन निराळी दारे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिले दार बंद असेल तर नवे काम आतच येत नाही. ते 'कप्सअ‍ॅक्सेप्ट' या आज्ञेने उघडते. दुसरे बंद असेल तर कामे आत येतात आणि साचून राहतात; ते 'कप्सएनेबल'ने उघडते.

हे दुसरे दार पुष्कळदा कोणी हाताने लावलेले नसते. छपाईच्या मार्गात बिघाड झाला तर रांग थांबवून ठेवावी, अशी कप्सची मूळ ठेवण आहे. बिघाड दूर झाला तरी रांग आपण होऊन सुरू होत नाही. यंत्र चालू, कागद भरलेला, हिरवा दिवा लागलेला, आणि तरी छपाई नाही, हा जो चमत्कार दिसतो त्याचे कारण अनेकदा येथे सापडते. त्या रांगेचे धोरण बदलून 'रीट्राय जॉब', म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, असे ठरवून देता येते.

तिसरे दुखणे पत्त्याचे. पुष्कळ ठिकाणी राउटर आपल्या यंत्रांना तात्पुरते पत्ते वाटतो. वीज जाऊन परत आली की प्रिंटरला कधी कधी नवाच पत्ता मिळतो, आणि संगणक मात्र जुन्या पत्त्यावर हाका मारीत बसतो. भारनियमन ज्यांनी पाहिले आहे त्या मराठवाड्यातील माणसांना याचे अगत्य अधिक पटेल. यावर खरा उपाय राउटरमध्ये आहे : प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक ओळखक्रमांक मिळालेला असतो, त्याच्याशी एक पत्ता कायमचा बांधून टाकावा. मग रांगेला तो पत्ता कळवण्यासाठी 'एलपीअ‍ॅडमिन' ही आज्ञा वापरावी. तिच्यात 'पी'नंतर रांगेचे नाव येते, 'व्ही'नंतर पत्ता, आणि 'एम'नंतर यंत्राची भाषा. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांसाठी 'एम'पुढे 'एव्हरीव्हेअर' एवढा शब्द पुरतो. यंत्र स्वतःच आपली माहिती सांगते आणि कंपनीच्या निराळ्या ड्रायव्हरची गरज राहत नाही. याच आज्ञेत मोठे 'ई' हे अक्षर रांगेच्या नावानंतर आले तर दोन्ही दारे उघडतात. नावाच्या आधी आले तर संभाषण गुप्त लिपीत चालवावे, असा त्याचा अर्थ होतो. अक्षर तेच, पण जागा बदलली की अर्थ बदलतो.

चौथे दुखणे कागदाच्या मापाचे. आपल्याकडे ए-फोर कागद चालतो. रांगेची ठेवण अमेरिकन 'लेटर' मापाची राहिली तर यंत्र घरात नसलेल्या कागदाची वाट पाहत थांबते. 'एलपीअ‍ॅडमिन'नेच ते माप बदलून द्यावे. पाचवे दुखणे अक्षरांचे. प्रिंटरच्या पोटात सामान्यतः रोमन अक्षरे असतात, देवनागरी नसतात. म्हणून मराठी मजकूर यंत्राकडे तसाच सोडला तर चौकटी आणि चिन्हे उमटतात. टंक आत बसवलेली पीडीएफ करून ती रांगेतून पाठवली, की फिल्टर अक्षरांच्या आकृती बनवून देतो आणि जोडाक्षरे शाबूत राहतात.

आता कोणी विचारील की हे सारे पडद्यावरच्या चित्रांवर टिचकी मारून होत नाही काय? पुष्कळसे होते. परंतु टिचकी मागे काही ठेवीत नाही. कोणी काय दाबले हे त्याच्या बोटांपाशीच राहते आणि त्याची बदली झाली की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. लिहिलेली आज्ञा वहीत उतरवता येते, दुसऱ्याला वाचून दाखवता येते, तपासता येते. 'एसएसएच' या सुरक्षित मार्गाने धाराशिवात बसून उमरग्याच्या संगणकाला ती देता येते. आठ तालुक्यांची नावे व पत्ते एका फायलीत मांडून आठही रांगा एका दमात नीट करता येतात. पुष्कळ कचेऱ्यांत विंडोज असते. तेथेही 'पॉवरशेल'मध्ये 'अ‍ॅड-प्रिंटर' यासारख्या आज्ञा याच कामासाठी आहेत. मात्र एका दमात आठ रांगा सुधारतात तशा आठ बिघडतातही. म्हणून आज्ञा आधी एका रांगेवर चालवावी, चाचणीचे पान छापून पाहावे आणि मगच पुढे जावे. दुरुस्तीपूर्वी 'कप्सडिसेबल'ने रांग थांबवली तर साचलेली कामे नाहीशी होत नाहीत. यंत्र फारच दिवस नादुरुस्त राहणार असेल, तर 'एलपीमूव्ह'ने ती शेजारच्या खोलीतील यंत्राकडे वळवता येतात.

एक इशारा येथेच द्यावयास हवा. नेटवर्कवरील पुष्कळ प्रिंटर ९१०० या क्रमांकाच्या दारातून येईल त्याचा मजकूर विचारपूस न करता छापतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सच्या परिवारातील, प्रिंटर शोधून देणाऱ्या एका सहायक कार्यक्रमात गंभीर उणिवा उघडकीस आल्या; त्याचे दार ६३१ क्रमांकाचे. ज्या यंत्रावर लोकांच्या जातीचे व उत्पन्नाचे दाखले छापले जातात, त्याची दारे बाहेरच्या इंटरनेटला उघडी ठेवणे म्हणजे दप्तरखाना रस्त्यावर मांडण्यासारखे आहे.

प्रिंटर अडला हे कळावे, ही मागणी वाटते तितकी किरकोळ नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत होते. कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सर्वांना तसा संदेश जावा, अशी सोय त्यांनी जुन्या प्रिंटरला करून दिली होती. नवा झेरॉक्स प्रिंटर आला, तेव्हा त्याच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर त्यांना मिळू शकला नाही आणि ती सोय करता आली नाही. ती बोच त्यांच्या मनात राहिली. १९८३ साली त्यांनी 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा उपक्रम जाहीर केला, आणि आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो त्याचा मोठा भाग त्यातूनच आला आहे.

यंत्रे बिघडतील, वीज जाईल, माणसांच्या बदल्या होतील. यातील काहीच आपल्या हातचे नाही. प्रत्येक कचेरीने एक वही ठेवावी आणि तीत प्रिंटरचे नाव, पत्ता, राउटरमधील नोंद व रांग उभी करण्याची आज्ञा लिहून ठेवावी, एवढे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. ती वही उघडून पाहिल्यावाचून खिडकीतल्या माणसाला "उद्या या" असे सांगू नये, असे आमचे मत आहे.